जाण्यापुरती बॅटरी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्तीची सायकल कालव्याच्या चढावर बंद पडली, आणि तीही पुंजाच्या टोळीच्या पुढ्यात.

टोळी पेठ तालुक्याकडची. द्राक्षाच्या छाटणीला दरवर्षी येणारी. कामाला लागायच्या आधी सगळी रस्त्याच्या कडेला भाकरी सोडून बसली होती. तृप्तीनं ॲक्सिलरेटर पिळला आणि हँडलवरचा छोटा पडदा काळा झाला. तिनं बटण दाबलं. पडदा उजळला, चारच्या चार काड्या दिसल्या. म्हणजे बॅटरी भरलेली. पुन्हा पिळला. पुन्हा काळा.

"बाई, करंट संपला काय?" पुंजाची बायको साळूबाई घास तोंडात धरूनच म्हणाली.

"नाही हो, भरलेली आहे."

"भरलेली हाय आन् चालत नाय? आमच्या ह्याच्यावानी हाय मग." तिनं पुंजाकडे मान वेळावली. बायका खो खो हसल्या. पुंजाही हसला. तृप्तीला हसावं लागलं.

इलेक्ट्रिक सायकल चालू असते तेव्हा पिसासारखी असते आणि बंद पडली की म्हशीसारखी. मोटार, बॅटरी, लोखंड, सगळं आपल्यालाच ओढावं लागतं. मागच्या पिशवीत डबा होता, पांढरा ॲप्रन होता. ती निफाडच्या माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत निघाली होती. बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन लग्न झालं, मग वैष्णवी झाली, आणि पोरगी अडीच वर्षांची झाल्यावर कुठं उन्हाळ्यात हे काम मिळालं. एसटी सकाळी एकदाच, तीही सगळी गावं फिरून. स्कूटी 'पुढं बघू' वर होती. म्हणून ही सायकल. लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि कुणाला विचारावं लागत नाही.

तिनं प्रयोगशाळेतल्या सरांना फोन लावला.

"मॅडम, छाटणीचा सीझन आहे. नमुन्यांच्या पिशव्या दारापर्यंत आल्यात," सर म्हणाले. "मी सोमवारपर्यंत थांबतो. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. राग मानू नका."

राग मानण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ती सायकल उलटी फिरवून ढकलत घरी आली. कंबर भरून आली होती.

सासूबाई, मंगलाबाई, चुलीपुढं बसल्या होत्या. "आलीस? लय बरं झालं. पोरगी आत्ता उठली न् मम्मी मम्मी करीत पार दारापोहोत गेली. म्हणलं आता हिला काय सांगू."

हा टोमणा नव्हता. टोमणा असता तर तृप्तीला काहीतरी उत्तर देता आलं असतं. वैष्णवी येऊन मांडीला बिलगली, तिच्या गालावर दुधाचा ओघळ वाळलेला होता.

नवरा, दिनेश, बागेतून कात्री घ्यायला आला. त्यानं सायकलीकडे उभ्या उभ्या बघितलं. "बॅटरी गेली."

"चार काड्या दाखवते."

"दाखवायला काय जातं? लिथियमचं असंच असतं. मोबाईलची नाय का, निम्मी असती न् बंद पडती."

"अहो, पण जूनमध्ये तर घेतली."

"बघू. नाशिकला जायचंच हाय औषधं आणायला, तेव्हा बघू." मग जाता जाता तो थांबला. "आता घरी हेसच तर पेस्टला ये ना. दोन बाया कमी आल्यात."

छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना, कोंब फुटतात त्या जागांना, पेस्ट लावायची असते, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. ती उग्र असते. रबरी हातमोजे घालायचे, बोळा बुडवायचा आणि डोळा चुकवायचा नाही. तृप्ती दुपारपर्यंत साळूबाईच्या शेजारच्या ओळीत वाकून, उठून, हात वर करून पेस्ट लावत राहिली. खांदे जड झाले. घाम डोळ्यात गेला तरी पुसता येत नव्हता, कारण हाताला पेस्ट होती. बांधावर मंगलाबाईंजवळ वैष्णवी खेळत होती, आणि पेस्टचा ड्रम बांधाच्या टोकाला होता. तृप्ती एक काडी करायची आणि ड्रमाकडे बघायची. एक काडी, ड्रम.

"ताई, तुझं ध्यान काडीवं नाय," साळूबाई म्हणाली. "पोर काय उडून जाणार हाय का?"

"ड्रमात हात घालेल."

"आमची पोरं ह्याच्यातच वाढली."

तृप्तीनं पुढच्या डोळ्याला बोळा लावला. पोरगी नजरेआड असली की छातीत काहीतरी आवळतं आणि नजरेसमोर असली की आणखीच आवळतं, हे कुणाला सांगणार! निफाडच्या प्रयोगशाळेत बीकरमधल्या मातीचा अर्क गाळताना मात्र ते आवळणं अर्धा-अर्धा तास विसरायला व्हायचं. त्याची तिला लाजही वाटायची.

जेवणं झाल्यावर सगळी लिंबाखाली कलंडली तेव्हा तिनं विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून मीटर आणला. बॅटरी काढली. लांबट, काळी, वैष्णवी तान्ही होती तेव्हा जेवढी जड होती तेवढी. मीटरच्या दोन पिना बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. एक्केचाळीस. छत्तीस व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की बेचाळीसला जाते, हे तिला पाठ होतं, कारण ही बॅटरी तिनंच निवडली होती. दिनेश छोटी घ्या म्हणत होता. तिनं दोन महिने वाचून, विचारून, निफाडला जाऊन-येऊन वर शिल्लक राहील अशी मोठी घ्यायला लावली होती.

बॅटरी चांगली होती. मग बिघाड कुठं?

सायकलीच्या नळीवर बॅटरी जिथं सरकून बसते, त्या खोबणीत तिनं मोबाईलचा उजेड पाडला. दोन पितळी पात्या दिसायला हव्या होत्या. पात्यांवर निळसर हिरवी भुकटी चढली होती, एका पातीची कड खाल्लेली आणि बाजूचं प्लास्टिक जरा वितळल्यासारखं.

त्या निळ्या रंगाची ओळख तिला कुणी करून द्यायची गरज नव्हती. मोरचूद. पण मोरचूद तर बागेत. बुरशीवर बोर्डो फवारायला मोरचूद आणि चुना लागतो. सायकलीत कसा येईल?

"काय खुडबुड चाललीय?" सासरे, सहादूनाना, टॉवेलनं मान पुसत आले. "परवा कशी चकाचक केली व्हती बघ मी. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, ब्लोअर धुतला, कात्र्या धुतल्या. म्हणलं सूनबाईची गाडी मागं का ऱ्हावी? लावली फवारणीची गन न् सगळ्या सांध्यात पाणी मारलं. कणभर माती ठिवली नाय."

फवारणीची गन! ट्रॅक्टरच्या पंपावरची, पानाची चाळण करील एवढ्या जोराची. नळीत आदल्या आठवड्यातला बोर्डो उरलेला. ते पाणी खोबणीत घुसलं, दोन रात्री तिथंच बसलं, आणि वरून बॅटरीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

नाना तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, शाबासकीसाठी.

"छान झाली होती, नाना," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं दिनेशला सांगितलं. त्यानं खोबणी बघितली, आणि पहिल्यांदा तो म्हणाला, "हां, बरोबर हाय तुझं." तिला एवढा आनंद झाला की लगेच पुढचं वाक्य नीट ऐकूच आलं नाही. "पण नानांना बोलू नको. जिवाला लावून घेतील."

"मी कुठं बोलले?"

दुसऱ्या दिवशी तिनं पॉलिश पेपर आणि जुना टूथब्रश घेऊन पात्या घासल्या. बॅटरी बसवली. चाक फिरलं. वैष्णवी टाळ्या वाजवत मागं पळाली. अंगणाच्या फाटकापर्यंत सायकल गेली, थोड्या चढाला लागली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. तृप्ती उडी मारून उतरली. खोबणीला हात लावला तर चटका बसला. भार नसला की सगळं ठीक, भार पडला की खाल्लेल्या पातीवर सगळी आग.

त्या रात्री जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "भीती वाटते मला. अशी बॅटरी घरात पेटली तर? व्हिडिओ बघितलेत मी." मंगलाबाईंनी हातातला घास खाली ठेवला. दिनेशनं मान हलवली.

शुक्रवारी दिनेशच्या मित्राची पिकअप कोथिंबीर घेऊन नाशिकला चालली होती. मागं जुड्यांच्या कडेला सायकल बांधली. पुढं ड्रायव्हर, दिनेश, तृप्ती, तिच्या मांडीवर वैष्णवी आणि पायांपाशी पोत्यात गुंडाळलेली बॅटरी. वाटभर तिनं पाय आखडून घेतले होते.

गंगापूर रोडवरच्या दुकानात काचेआड सायकली उभ्या होत्या. दुकानदार तरुण, बोलका. त्यानं बॅटरी तपासणीच्या यंत्राला लावली, बल्ब जोडून भार दिला आणि म्हणाला, "बॅटरी एक नंबर आहे हो. हिला काही झालेलं नाही."

तृप्तीनं दिनेशकडे बघितलं नाही. पण तिला बघावंसं वाटलं.

"प्लेट गेलीय. बॅटरी बसते ती खोबणी. ती बदलायची, बस. पण या मॉडेलची प्लेट माझ्याकडे नाही. मागवावी लागेल. दिवाळीच्या आत येईल असं नाही सांगत."

"मला सोमवारी जायचंय," तृप्ती म्हणाली. "तोपर्यंत वायरी थेट जोडून देता येतील का? प्लेट वगळून?"

"देता येतील." त्यानं कानामागं खाजवलं. "जोडून देतो मी, टेपही मारतो. पण मग बॅटरी लॉकमध्ये बसणार नाही. बांधावी लागेल. सांधा उघडाच म्हणायचा. घरात लहान मूल आहे ना? मग मी तसं करा म्हणणार नाही. तुम्ही म्हणालात तर करतो."

वैष्णवी तिच्या खांद्यावर डोकं टाकून ओढणीचा काठ चोखत होती. सगळे तृप्तीकडे बघत होते. 'करा' एवढंच म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर तो उघडा सांधा आला आणि त्याच्याकडे जाणारं छोटं बोट.

"नको," ती म्हणाली.

"मग कॉम्पॅक्ट घ्या." दुकानदारानं कपाटातून विटेएवढी बॅटरी काढली. "व्होल्टेज तेच, छत्तीस. तुमच्या कंट्रोलरला चालेल. स्वतःची प्लेट घेऊन येते, सीटच्या खाली बसते. अर्ध्या तासात लावून देतो. उचलायला हलकी. रोजचं रनिंग किती?"

"असंच, गावातल्या गावात," दिनेश म्हणाला.

"निफाड," तृप्ती म्हणाली. "जाऊन-येऊन तेवीस-चोवीस किलोमीटर."

दुकानदारानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "कुणाचं धरू?"

"माझं धरा. सायकल मी चालवते."

"तेवीसला ही काठावर आहे, ताई. खोटं नाही सांगत. पायडल मारत गेलात, वारा नसला, तर होईल. नुसता ॲक्सिलरेटर पिळलात तर सतरा-अठराला हात वर करेल. आणि चढाला एकदम पिळायचं नाही. छोटी आहे, तेवढा करंट मागितला की आतूनच कट मारते. बिघडली समजू नका. बंद करा, पुन्हा चालू करा, आधी पायडल मारा, मग पिळा."

"तिथं चार्जिंग करेन मी. कामावर." ती स्वतःलाच सांगत होती. "प्लेट आली की मोठी पुन्हा लावता येईल ना?"

"येईल की."

तेवढ्यात वैष्णवी कुळबुळली. "मम्मी, शू." तृप्ती तिला घेऊन दुकानामागं गेली. नळ, बादली, निसरडी फरशी. पोरगी नव्या जागी बसेना, मग चप्पल भिजली म्हणून रडली, मग चड्डी ओली झाली ती बदलावी लागली. दोघी परत आल्या तेव्हा छोटी बॅटरी सीटखाली बसलेली होती आणि मोठी काउंटरवर नव्हती.

"मोठी कुठंय?"

"दिली की. एक्स्चेंजमध्ये," दिनेश म्हणाला. "लय चांगला भाव धरला यांनी."

"अहो, ती चांगली होती!"

"चांगली होती म्हणून तर भाव आला." तो हसला. मग तिचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "दोन-दोन कशाला घरात? तूच म्हणलीस ना परवा, भीती वाटती. आईला तर झोप लागली नाय दोन रात्री."

दुकानदार बिल फाडण्यात गुंतला होता. फार मन लावून फाडत होता. तृप्तीच्या हातात ओली चड्डी होती. ती कुठं ठेवावी हे तिला सुचत नव्हतं.

सोमवारी ती निघाली. मंगलाबाईंनी डबा भरून दिला, पोरीला कडेवर घेऊन आत नेलं. नाना म्हणाले, "हळू जा गं." सगळी चांगली माणसं. चढ आला तसा तिनं घाईनं पिळलं आणि पडदा काळा. मग आठवलं. बंद, चालू, आधी पायडल, मग हळू. सायकल चढली. पुढं ती पायडल मारतच गेली, काडी वाचवत, एकेक काडी. निफाडला पोचली तेव्हा पाठ भिजली होती आणि चारातल्या दोन काड्या उरल्या होत्या. दुसरी मधूनच मिणमिणत होती.

सरांना तिला बघून खरंच बरं वाटलं. "या, या. ॲप्रन घाला, ढीग पडलाय." मग सीटखालून काढून पिशवीत आणलेली बॅटरी आणि चार्जर त्यांनी पाहिला. "हे काय, मॅडम? आत नको हं. ॲसिडं आहेत, सॉल्व्हंटं आहेत. बॅटरी चार्जिंगला मी कुणालाच परवानगी देत नाही. उद्या काही झालं तर?"

तिनं चार्जर परत पिशवीत टाकला. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.

समोरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "इथं लावा की, ताई, त्यात काय विचारायचं." त्याच्या टेबलाखालचा बोर्ड उघडा लोंबत होता, एका प्लगचं भोक काळं पडलं होतं, आणि बाजूला कागदांचे गठ्ठे. तृप्ती ओणवी होऊन बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. चार्जरची पिन हातात होती. मग तिनं वायर गुंडाळली. "राहू द्या, दादा. आहे अजून थोडी."

दिवसभर तिनं माती चाळली, पाण्याचे नमुने लावले. हात कामात होते, पण ते अर्ध्या तासाचं विसरणं आज आलं नाही. गाळणकागदातून थेंब पडायचा आणि तिला काडी दिसायची.

परतताना वारा समोरून. रेल्वेफाटक ओलांडलं आणि शेवटची काडी गेली. उसाच्या शेतांमधून रस्ता सरळ होता. तिनं बंद-चालू केलं, एकदा, दोनदा. मग सोडून दिलं आणि उतरून म्हैस ओढायला लागली. मांड्या थरथरत होत्या, ओढणी कमरेला खोचली होती. ट्रॅक्टरवाले वळून बघत होते. तरी ती हळूहळू चालली होती. घर अजून चारेक किलोमीटर होतं. होईल, ती म्हणत होती. रोज जरा कमी पिळायचं. रोज जरा जास्त पाय मारायचे. होईल.

समोरून मोटारसायकल आली. दिनेश. टाकीवर वैष्णवी, दोन्ही हात वर करून. "मम्मीऽऽ!"

"फोन का नाय केला?" त्यानं गाडी वळवून घेतली.

"चाललं होतं ना."

"चाललं व्हतं म्हणे. तोंड बघ कसं झालंय." त्याच्या आवाजात खरी कळकळ होती. "मी आईला म्हणलंच व्हतं, फाटकाच्या पुढं नाय पुरायची. बस. हँडल धर घट्ट. मी लावतो पाय."

"वैष्णवी आहे पुढं."

"धरलंय तिला. तू बस गं."

ती बसली. त्यानं मोटारसायकल मागून तिरकी लावली, डावा पाय लांब करून सायकलीच्या कॅरियरच्या दांडीला टेकवला आणि गाडीला रेस दिली. सायकल आपोआप निघाली. ऊस भराभर मागं पडायला लागला. वेग त्याचा होता. तिच्याकडे फक्त हँडल.

बांधावरून पुंजाची टोळी घरी परतत होती. साळूबाईनं कमरेवर हात ठेवले. "ताई, आता चांगला करंट आला की!"

दिनेश मोठ्यानं हसला. वैष्णवीही हसली, बाप हसला म्हणून.

"उद्यापासून असंच करू," त्यानं मागून ओरडून सांगितलं. "तू निघालीस की मिसकॉल दे. मी येतो फाटकापाशी."

"आणि बागेत काम असलं की?"

"हां?"

"बागेत काम असलं की!"

"मग त्या दिवशी नको जाऊ. एखाद्या दिवसानं काय व्हतंय?"

वारा तोंडावर येत होता. तिचे पाय पायडलवर नुसते ठेवलेले होते. मग तिनं ते फिरवायला सुरुवात केली. पायडल रिकामंच फिरलं, साखळी ढिली, कशालाच लागत नव्हतं, कारण चाक आधीच तिच्या पायांपेक्षा जोरात पळत होतं.

"तू कशाला मारती पायडल? मी ढकलतोय ना!"

"पाय अवघडले," ती म्हणाली आणि मारत राहिली.

गावाजवळच्या चढाला मोटारसायकलचा जोर कमी झाला. दिनेशनं गिअर बदलायला पाय दांडीवरून क्षणभर उचलला. सायकल मंदावली, आणि तिच्या पायांखाली एकदम साखळीला भार लागला. जड, घट्ट, सगळ्या मांडीत भिनणारा. तिनं दात आवळले आणि त्याचा पाय पुन्हा दांडीला टेकायच्या आत सगळ्या अंगाचा भार पायडलवर टाकला.